कोनफळ, करांदे आणि डबीतलं हार्मोन

मार्गशीर्ष लागला की आमच्या रत्नागिरीच्या बाजारात कोनफळं आणि करांदे दिसू लागतात. कोनफळाचे जांभळे काप तुपावर खरपूस परतावेत, करांदे मीठ घालून उकडावेत आणि सोलता सोलता गरमगरम खावेत. तुम्ही म्हणाल, ह्या बाई पाककृती सांगायला बसल्या वाटतं! तसं नाही, मैत्रिणींनो. मला सांगायचं आहे ते पाळीबद्दल. कोनफळाचा आणि पाळीचा काही संबंध असेल असं मला गेल्या वर्षी कुणी सांगितलं असतं, तर मीसुद्धा हसलेच असते.

माझं वय छत्तीस. इथल्याच गोगटे-जोगळेकर कॉलेजातून बी. ए. झाले आणि लग्न होऊन इथेच राहिले. सकाळच्या शाळेत तीन तास मराठी शिकवते. अर्धवेळ नोकरी म्हणतात तिला. पण जिनं अशी नोकरी केली आहे तिला ठाऊक असतं, की नोकरी अर्धी असते, घर मात्र पूर्णवेळ. घरात सासूबाई, हे, मी आणि सहावीतली मुलगी. आमच्याकडे बाजूला बसणं वगैरे आता राहिलेलं नाही. पण ते चार दिवस मी देवाला हात लावत नाही, पूजा सासूबाई करतात. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. सकाळी मी देवघराकडे वळले नाही की त्या मुकाट्यानं ताम्हन घासायला घेतात.

सुरुवात झाली ती गणपतीपासून. कोकणातले गणपती म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. मुंबईची माणसं उतरलेली, मोदकांच्या उकडीनं हात भरलेले, आणि नेमकी आपली तारीख चतुर्थीला! मग आपण काय करतो? औषधांच्या दुकानात जाऊन पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणतो. मी ओळीनं तीन वर्षं आणल्या. डॉक्टरांची चिठ्ठी कुणी मागितली नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. दुकानदार त्या वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून देतो, जसा काही चोरीचा माल!

गेल्या वर्षी गौरी-गणपती पोचवले आणि पाळी जी बिघडली ती बिघडलीच. एकदा चाळीस दिवसांनी, एकदा बावन्न, मग एकदम अठराव्या दिवशी. आली की नऊ-नऊ दिवस जायचं नाव नाही. त्यात अंग जड, केसांचा गुंताच्या गुंता फणीत, सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटू नये. मला वाटलं, हा त्या गोळ्यांचाच प्रताप. तो नव्हता, हे पुष्कळ उशिरा कळलं. त्या गोळ्यांनी एखादा महिना मागेपुढे होतो, सगळं वर्ष नव्हे. पण मनाशी एक कारण धरून बसलं की दुसरं शोधायचे कष्ट वाचतात.

दिवाळीला पुण्याला गेलो. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आत नेऊन विचारलं. त्या मोठ्या मायेच्या आहेत, म्हणून त्यांना दोष देत नाही. त्यांनी कपाटातून एक सुरेख हिरवी डबी काढली. वर पानंफुलं, आणि मोठ्या अक्षरांत 'नैसर्गिक हार्मोन संतुलन'. म्हणाल्या, "डॉक्टरकडे गेलीस की हार्मोनच्या गोळ्या देतील, वजन वाढेल, आणखी काहीतरी होईल. हे बघ, सगळं झाडपाल्याचं आहे. फायदा झाला तर झाला, नुकसान तर नाही ना!"

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. नुकसान तर नाही ना! डबी महिनाभर पुरायची आणि अठराशे रुपयांना पडायची. चार महिने मी ती घेतली. घरखर्चाच्या वहीत 'किरकोळ' ह्या सदराखाली लिहीत गेले. ह्यांनी एकदा विचारलं, "हल्ली किरकोळ फार वाढलंय, नाही?" मी म्हटलं, महागाई.

रोज सकाळी कोमट दुधातून एक चमचा. पहिल्या महिन्यात पाळी तिसाव्या दिवशी आली, आणि मला केवढा हर्ष झाला! जाऊबाईंना फोन करून आभार मानले. बिघडलेली पाळीसुद्धा अधूनमधून आपोआप वेळेवर येते, हे मला कोण सांगणार? पुढचे दोन महिने आलीच नाही. तेव्हा मी स्वतःला समजावलं, झाडपाल्याला वेळ लागतोच.

ह्या काळात सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारच्या वहिनींनी सुचवलं, अशोकाची साल उकळून घे, शाळेच्या कुंपणालाच तर ओळीनं उभे आहेत! नशीब, मी आळशी. कुंपणाला उभा असतो तो उंच, सरळ, लोंबत्या पानांचा अशोक हा औषधातला अशोक नव्हेच. औषधातला तो सीतेचा अशोक, पसरट, नारिंगी-तांबड्या फुलांच्या झुबक्यांचा. त्याची झाडं रानातून इतकी कमी झाली आहेत की जागतिक पातळीवर धोक्यात आलेल्या वनस्पतींमध्ये त्याची नोंद आहे. आणि बाजारात त्याच्या सालीत ह्या कुंपणवाल्या अशोकाच्या सालीची भेसळ होते ही जुनीच गोष्ट आहे.

माघात शाळेत तपासणीचं शिबीर झालं. सगळ्या शिक्षिकांचं रक्त घेतलं. माझा थायरॉइडचा आकडा सर्वसाधारण मर्यादेत आला. म्हणजे आता शंकेलाही जागा नाही! मी डबी आणखी निष्ठेनं सुरू ठेवली.

फाल्गुनात पाळी आली ती थांबेना. दहावा दिवस, अकरावा दिवस. शिमग्याचे दिवस, पालखी दारात यायची, आणि मी उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून उभी. त्यानंतरच्या सोमवारी वर्गात फळ्यावर समासाचे प्रकार लिहीत होते. 'द्वंद्व' लिहिल्याचं आठवतं. पुढचं आठवतं ते एकदम छताचा पंखा आणि भोवती मुलींचे घाबरलेले चेहरे.

एका विद्यार्थिनीच्या आईनं रिक्षात घालून मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी डोळ्याच्या खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्याच्या आधीच्या पाळीची तारीख?" मला सांगता येईना. त्याच्या आधीची? तीही नाही. पहिल्याच प्रश्नाला नापास! मुलींना मी तारीखवार वही ठेवायला सांगते, आणि माझी स्वतःची वही कोरी.

घरी फोन गेला. अर्ध्या तासानं सासूबाई आल्या. हातात पिशवी, आणि पिशवीत स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय, खिळ्यासकट. जोडीला सुतळीनं बांधलेलं मागच्या वर्षाचंही. आमच्याकडे कालनिर्णयावर दुधाचा हिशेब असतो, तुमच्याकडेही असेल. त्या हिशेबाच्या खाली, चौकटीच्या कोपऱ्यात, बारीक पेन्सिलीच्या टिकल्या होत्या. सासूबाई डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "मी पूजा केली त्या दिवसाला टिकली करते. हिच्या हातची पूजा चुकली ते दिवस हे."

सव्वा वर्षाचा सगळा हिशेब तिथे होता. पंचवीस दिवस, सत्तावीस दिवस, मग गणपतीनंतर ती फाकत गेलेली अंतरं, नंतर दाटीवाटीनं आलेल्या टिकल्या. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर करून एकेक पान पाहिलं. मी पाहत होते सासूबाईंकडे. सगळं माहीत होतं त्यांना! दोन महिने टिकली पडली नाही तेव्हा त्यांच्या मनात काय आलं असेल तेही मला त्याच क्षणी समजलं. बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा का वाढायच्या, तेही. त्यांना वाटलं होतं, घरात पाळणा हलणार.

मी पर्समधून डबी काढून दिली. डॉक्टरीणबाईंनी ती उलटी केली. मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत घटक लिहिले होते: रानकंदाचा अर्क, सोयाबीन, जवस, शतावरी, बायोटिन. त्याच्याही खाली एक ओळ होती. त्यांनी ती मला वाचायला लावली. 'औषधी उपयोगासाठी नाही.' चार महिने रोज हातात घेतलेल्या डबीवर हे लिहिलेलं होतं, आणि मी मराठीची शिक्षिका, अर्थ काढणं हा माझा धंदा!

ह्या डब्या कायद्यानं खाद्यपदार्थात मोडतात, औषधात नव्हे, म्हणून ती ओळ छापावी लागते. शिवाय आपल्याकडे १९५४ सालचा जादूटोण्याच्या उपायांविरुद्धचा औषध-जाहिरातींचा कायदा आहे. त्यात पाळीचे विकार दुरुस्त करण्याचा दावा करणारी जाहिरात करायलाच बंदी आहे. म्हणून डबीवर कुठेही 'पाळी नियमित होईल' असं नसतं. असतं ते 'संतुलन'. शब्द मोठा हुशारीचा. काही सांगत नाही, आणि वाचणारीला जे हवं ते ऐकू येतं.

आता त्या रानकंदाची गोष्ट. बरी झाल्यावर मी ती मुद्दाम वाचून काढली. हा कंद आपल्या कोनफळाच्या आणि करांद्याच्या गोत्रातला, मेक्सिकोच्या जंगलातला. १९४० च्या सुमारास रसेल मार्कर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं त्यातून डायोसजेनिन नावाचा पदार्थ काढला आणि त्यापासून प्रोजेस्टेरॉन बनवलं. प्रोजेस्टेरॉन म्हणजे आपल्या शरीरात पाळीच्या उत्तरार्धात तयार होणारं संप्रेरक. तोपर्यंत ते जनावरांच्या अवयवांतून कणाकणानं काढावं लागे आणि सोन्याहून महाग पडे. पुढे १९५१ च्या ऑक्टोबरात मेक्सिको शहरातच त्याच कंदाच्या आधारानं नॉरएथिस्टेरॉन तयार झालं. ओळखलंत का? गणपतीत कागदात गुंडाळून आणतो ती गोळी! मी कोनफळाच्या लांबच्या भावंडापासून निघालेली गोळी खाऊन कोनफळाच्या दुसऱ्या भावंडाची पूड खात होते. आपल्या हिमालयातही ह्याच जातकुळीचा एक कंद आहे. तो औषधकारखान्यांसाठी इतका खणला गेला, की त्याच्या व्यापारावर आता आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत.

पण मुद्दा पुढेच आहे. मार्करनं कंदाचं प्रोजेस्टेरॉन केलं ते प्रयोगशाळेत, एकामागून एक रासायनिक क्रिया करून. आपल्या पोटात ती प्रयोगशाळा नाही. कंद खाल्ला, अर्क प्यायला किंवा त्याचं मलम चोळलं तरी शरीराला त्यातून प्रोजेस्टेरॉन करता येत नाही. ऑस्ट्रेलियात तेवीस बायकांना तीन महिने अशा कंदाचं मलम आणि तीन महिने नुसतंच मलम देऊन पाहिलं होतं, पाळी जाण्याच्या वयातल्या त्रासासाठी. २००१ साली त्याचा निष्कर्ष आला. त्रासात म्हणावा असा फरक नाही, रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तर जिथल्या तिथे. थोडक्यात, माझ्या डबीत हार्मोन नव्हतंच. नाव तेवढं होतं.

मग झाडपाल्यात काहीच नसतं का? असंही मी म्हणणार नाही. सोयाबीन आणि जवस ह्यांत इस्ट्रोजेनची पुसटशी नक्कल करणारे पदार्थ असतात. आपल्या कुंपणाच्या निर्गुडीची युरोपात एक बहीण आहे, तिच्या फळांचा मेंदूतल्या प्रोलॅक्टिन ह्या संप्रेरकावर परिणाम होतो, आणि जर्मनीत ती पाळीच्या तक्रारींसाठी रीतसर वापरली जाते. (म्हणून लगेच आपली निर्गुडी तोडायला धावू नका, बहिणी असल्या तरी गुण एकच असतील असं नाही. आम्ही तिघी बहिणी आहोत, मला माहीत आहे!) पण ज्याचा खरोखर परिणाम होतो ते औषधच झालं. मग त्याची मात्रा आली, कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये हे आलं, दुसऱ्या औषधाशी त्याचं भांडण आलं. वैद्यसुद्धा तुमची हकीगत ऐकून, प्रकृती पाहून काढा देतात. डबी तुम्हाला पाहतसुद्धा नाही. आणि 'आयुर्वेदिक' एवढा शब्द वाचूनही निर्धास्त होऊ नये. २००४ साली अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतून घेतलेली आपल्याकडची सत्तर तयार औषधं तपासली, तर चौदांमध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

माझ्या बाबतीत 'नुकसान तर नाही ना' ह्याचं उत्तर मात्र बायोटिननं दिलं. केसांसाठी म्हणून ते हल्ली सगळ्यात घालतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे भरपूर मात्रेत घेत असाल तर रक्ताच्या काही तपासण्या फसतात. थायरॉइडचा टीएसएच खोटाच कमी दिसतो. शिबिरात तसंच झालं असेल असं छातीठोक सांगता येणार नाही. डबी बंद करा, चार दिवसांनी पुन्हा बघू." अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ साली ह्याबद्दल इशाराही दिला होता. पुन्हा तपासलं तेव्हा टीएसएच अठरा आला, साधारण चारच्या आत असायला हवा तो. हिमोग्लोबिन तर त्याच दिवशी कळलं होतं, सात पूर्णांक नऊ.

थायरॉइडची ग्रंथी गळ्यात, मग तिचा पाळीशी काय संबंध? मीही विचारलं. त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. इस्ट्रोजेन गर्भाशयाच्या आतलं अस्तर वाढवत राहतं, जसं आपण अंगण सारवतो तसं, थरावर थर. महिन्याच्या मध्यावर बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन तयार होतं, ते तो थर धरून ठेवतं. ते ओसरलं की थर एकदम सुटतो, तीच पाळी. बीजच सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन नाही. मग सारवण चालूच राहतं, आणि एक दिवस जड झालेला थर कसाही, कुठूनही पडायला लागतो. म्हणून आधी दोन महिने काही नाही आणि मग अकरा दिवस थांबत नाही. बीज सुटण्यात थायरॉइडनं खोडा घातला होता. कुणाच्या बाबतीत बीजकोशाचा तो हल्ली सगळ्यांना पाठ झालेला पीसीओएस असतो, १९३५ साली शिकागोच्या दोन डॉक्टरांनी प्रथम नीट वर्णन केलेला. कुणाचं प्रोलॅक्टिन वाढलेलं असतं, कुणाला गाठ असते, कुणाची पाळी जायचे दिवस जवळ आलेले असतात, आणि कुणी चक्क गरोदर असते. तक्रार एकच, कारणं इतकी! सगळ्यांना एकच हिरवी डबी कशी चालायची?

गंमत पुढे आहे. मला आता रोज जी गोळी घ्यावी लागते, तीही हार्मोनच आहे. कारखान्यात बनलेली, पूर्ण कृत्रिम. पण तिच्यातला रेणू आणि माझ्या गळ्यातल्या ग्रंथीनं करायला हवा तो रेणू तंतोतंत एक. नैसर्गिक म्हणून घेतलेल्या डबीत माझ्या शरीराच्या ओळखीचं काही नव्हतं, आणि कृत्रिम म्हणून मी घाबरत होते ती गोळी शरीरानं आपली म्हणून ओळखली. जाऊबाईंना हे सांगितलं तर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मीही तपासून घेते."

गोळीचं पथ्य सांगते, तुमच्यापैकी पुष्कळजणी घेत असतील. ती उठल्याबरोबर रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. अर्धा तास तरी चहा नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर मध्ये चार तासांचं अंतर. सोयाबीनही तिच्या शोषणात आडवं येतं, म्हणजे तीही डबी दोनदा नडली असती. मला लोहाची गोळी दुपारी जेवणाआधी, वर लिंबाचं सरबत.

आणि पाळी अनियमित म्हणजे किती, हेही मी तेव्हाच विचारून घेतलं. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून दुसरीच्या पहिल्या दिवसापर्यंत एकवीस ते पस्तीस दिवस, आणि स्राव आठ दिवसांच्या आत, एवढ्यात असेल तर दोन-चार दिवसांच्या फरकाची काळजी करू नये. पण तीन महिने आली नाही, तासातासाला घडी बदलावी लागली, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, की वाट पाहू नये. पाळी कायमची गेल्यावर वर्षानं पुन्हा थेंबभर जरी दिसलं तरी त्याच आठवड्यात दाखवावं. ढकलायच्या गोळ्याही विचारून घ्याव्यात. ज्यांना कधी पायात रक्ताची गुठळी झाली आहे त्यांनी तर मुळीच मनानं घेऊ नयेत.

हे सगळं असं छापून सांगताना मलाही आधी संकोच वाटला. मग आठवलं, आमच्याच जिल्ह्यातल्या मुरूडच्या कर्वे घराण्यातले रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवत होते आणि ह्याहून कितीतरी नाजूक प्रश्नांना उघड उत्तरं देत होते, कोर्टात खेचले गेले तरी. मी तर नुसती पाळीबद्दल बोलते आहे.

ह्यांना मी सगळं सांगितलं, 'किरकोळ'सकट. चार डब्यांचे सात हजार दोनशे झाले. ते म्हणाले, "पैशाचं राहू दे, पण चार महिने तू एकटीच हे घेऊन बसलीस?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक अवघड बोलणं मात्र सासूबाईंशी करायचं होतं. एका दुपारी त्या ओट्यापाशी खोबरं किसत होत्या. मी म्हटलं, "आई, तुम्हाला वाटलं होतं ते नव्हतं हो." त्या किसतच राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला विचारता आलं असतं. आमच्या वेळी सासूनं विचारलं की धाक वाटायचा. म्हणून नाही विचारलं." मग किसलेलं खोबरं एका बाजूला सारून म्हणाल्या, "तूही सांगितलं नाहीस." दोघी तिथेच थांबलो.

आठ महिने झाले. हिमोग्लोबिन आता अकराच्या वर आहे. पाळी मागच्या तीन खेपा अठ्ठावीस, तीस, एकोणतीस. कालनिर्णयावर आता मी निळ्या पेननं फुली करते. सासूबाई त्यांची पेन्सिलची टिकली करतातच, माझ्यावर अजून पुरता विश्वास नाही! सकाळी सहाला मी गोळी घेते आणि त्या साडेसहापर्यंत चहाचं आधण ठेवू देत नाहीत.

परवा बाजारातून कोनफळ आणलं. काप परतून पानात वाढले, तेव्हा सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घे आणखी दोन. हार्मोन आहे म्हणे त्यात." लेक विचारायला लागली, हार्मोन म्हणजे काय गं आजी? सासूबाईंनी तिला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "आईला विचार. ती मास्तरीण आहे."

म्हणून हात धुऊन मी तिला घेऊन बसले. अंगण सारवण्यापासून सुरुवात केली.